दिव्यांग लेकरासाठी शेळी घेताय ना?

ताई, पहिली शेळी बिनशिंगाची आणि माणसाळलेलीच बघा. उस्मानाबादी जातीत अशा माद्या मिळतात. माझ्या लेकाला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूच्या इजेमुळे हातापायांच्या हालचालींवर ताबा राहत नाही), डावी मूठ उघडायचीच नाही. शेवरीची डहाळी त्या मुठीत द्यायचे. शेळी पाला ओढायची, तो हसायचा आणि बोटं हळूहळू सैल पडायची. फिजिओथेरपी मात्र एक दिवस चुकवली नाही, तुम्हीही चुकवू नका. गोठ्यात त्याला एकटं सोडायचं नाही. दूध उकळूनच द्या, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला लागणारा तापाचा आजार होतो. शेळी गाभडली, म्हणजे तिचा गर्भपात झाला, तरी हाच धोका असतो; उघड्या हाताने काही उचलू नका, आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. आणि हो, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर शेळीच्या आधी ते काढा. दिव्यांगांसाठीच्या निरामय या सरकारी आरोग्य विम्यातून १ लाख रुपयांपर्यंत उपचारखर्च मिळतो, थेरपीसुद्धा त्यात येते.