मारामारीचे व्हिडिओ गेम नवख्याला जमतील का?

प्रश्न : माझे वय ४० आहे. भाच्याबरोबर ‘स्ट्रीट फायटर ६’ खेळताना बटणांचे क्रम माझ्या लक्षात राहत नाहीत आणि प्रत्येक फेरी मी हरतो. हे खेळ नवख्यांसाठी नाहीतच का? – एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : आहेत, आणि पूर्वीपेक्षा आज अधिक आहेत. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये र्‍यू या पात्राचा ऊर्जागोळा सोडायचा तर जॉयस्टिकची दांडी खालून पुढे पाव वर्तुळात फिरवून लगेच ठोशाचे बटण दाबावे लागे, २०२३ साली आलेल्या सहाव्या भागात मात्र ‘मॉडर्न’ नियंत्रण निवडले की तोच डाव एका बटणाने निघतो, फक्त त्याचा मार २० टक्के कमी बसतो. हा सौदा आपण खुशाल स्वीकारावा. खरी अडचण बोटांची नसून नजरेची आहे, असे मला वाटते : प्रतिस्पर्धी उडी केव्हा मारतो आणि फसलेल्या डावानंतर तो क्षणभर उघडा कसा पडतो, हे ओळखायला कोणतेही सोपे बटण शिकवत नाही. म्हणून लांबलचक कॉम्बो, म्हणजे एकामागून एक जोडलेले फटके, तूर्त बाजूला ठेवा, एकच पात्र निवडा, पहिले काही दिवस केवळ बचावाचा सराव करा आणि प्रत्येक फेरीनंतर आपली नेमकी चूक भाच्याला अवश्य विचारा.