नागपुरात राहून जलरंगात काम करते. महिनाभर समुद्र बघत चित्रं काढायची आहेत. फोर्ट कोचीच्या पेपर हाऊससारख्या समुद्राकाठच्या जुन्या वास्तूतल्या आर्टिस्ट रेसिडेन्सीसाठी (कलाकारांनी काही काळ तिथेच राहून काम करायची सोय) अर्ज करावा का?

जरूर करा. फक्त प्रश्नात लिहिलंय तसं ‘महिनाभर समुद्र बघत चित्रं काढायची आहेत’ असं अर्जात लिहू नका. समुद्र काय, कुणालाही आवडतो. त्या वास्तूशी तुमच्या कामाचं काय देणंघेणं आहे, ते लिहा.

तुम्ही फोर्ट कोचीच्या पेपर हाऊसचं नाव घेतलंय. पेपर म्हणजे इथे कागद नव्हे, मिरं. ते मुळात मसाल्याचं गोदाम. मलबारचं मिरं इथे साठवून जहाजात चढवायचे. एक इमारत कलवती रोडकडे तोंड करून, दुसरी पाण्याकडे, मधे ऐसपैस अंगण आणि वर डच धाटणीची मातीची कौलं. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यांचे चौक पाहिलेल्या माणसाला ही मांडणी लगेच आपली वाटते. २०१२ मध्ये कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरवायचं कलाप्रदर्शन, सुरू झाली. ती भरवणारं फाउंडेशनच इथली रेसिडेन्सी चालवतं. बिएनालेच्या वेळी मी त्या अंगणात बराच वेळ बसलो होतो. समोर मोकळा समुद्र नाही, बंदराची खाडी आहे. मालवाहू जहाज जाताना अख्खी भिंत सरकत चालल्यासारखी दिसते.

आता तुमच्या जलरंगाचं. मे महिन्यात नागपुरात पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, पसरायच्या आत वाळतो. तिथे उलट! मी आकाशाचा हात मारला आणि चहा पिऊन आलो तरी कागद ओलाच. वरून झाडाची रेघ ओढली तर ती फुटून पसरली. मला तो परिणाम फार आवडला, पण तुमचा हात कोरड्या हवेला सरावलेला असणार, तेव्हा सुरुवातीला धीर धरा. ३०० जीएसएमच्या जाड कागदांचा, चारी बाजूंनी चिकटवलेला ब्लॉक न्या. सुटे कागद सिलिका जेल घालून बंद पिशवीत ठेवा, नाहीतर बुरशी धरते. जूनपासून पाऊस, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा ईशान्येकडचा. शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारी मागा.

वास्तूचा इतिहास किती कामाला येतो ते लॉस एंजेलिसच्या व्हिला ऑरोरा या दुसऱ्या रेसिडेन्सीत दिसतं. पॅसिफिककडे बघणारं हे १९२७ चं घर. नाझींमुळे परागंदा झालेले लेखक लिऑन फॉइख्टवांगर तिथे १९४३ पासून अखेरपर्यंत राहिले. म्हणूनच तिथे छळ सोसणाऱ्या लेखकांसाठी वेगळी फेलोशिप आहे. बाकीची बहुतेक जर्मनीत राहणाऱ्या कलाकारांसाठी, त्यामुळे तुम्ही कोचीच धरा.

आणि विषय तर तुमच्या घराजवळच आहे. इतवारीच्या किराणा ओळीतली पोती, सावजी रश्शातलं मिरं. ते मिरं उलट्या वाटेने गोदामापर्यंत नेऊन चित्रमालिका करायची, असा प्रस्ताव मी तरी लिहिला असता. अर्जाआधी इतवारीतली पाच-सहा चित्रं करून सोबत जोडा. निवड झालीच तर नागपूरहून केरला एक्स्प्रेस एर्नाकुलमला जाते, पुढे फोर्ट कोचीपर्यंत बोट मिळते.