अभिजात जपानीत पूर्ण झालेली क्रिया दाखवणारे प्रत्यय कोणते, आणि 'त्सु' व 'नु' यांत फरक काय?

हेइआन काळातील (७९४–११८५) अभिजात जपानीत क्रियेची पूर्णता 'त्सु', 'नु', 'तारी' आणि 'री' या चार साहाय्यक प्रत्ययांनी दाखवली जाते. त्यांपैकी 'त्सु' बहुधा हेतुपुरस्सर केलेल्या सकर्मक क्रियेला लागतो, तर 'नु' आपोआप घडणाऱ्या अकर्मक क्रियेला. 'सुतेत्सु' म्हणजे 'टाकून दिले', 'साकिनु' म्हणजे 'उमलले'. व्याकरणकार 'त्सु'चे मूळ 'टाकणे' या अर्थाच्या आणि 'नु'चे मूळ 'निघून जाणे' या अर्थाच्या क्रियापदात मानतात, त्यामुळे 'करून टाकले' आणि 'सुकून गेले' यांतला भेद जाणणाऱ्या मराठी वाचकाला ही विभागणी लवकर उमगते, जरी तिला अपवाद आहेत. 'तारी' हा 'ते' (मराठीतल्या '-ऊन'सारखा जोडणारा प्रत्यय) आणि 'आरी' (असणे) यांच्या संयोगातून आला असल्याने क्रियेचा परिणाम अजून टिकून असल्याचेही सांगतो: 'साकितारी', म्हणजे 'उमललेले आहे'. आधुनिक जपानीतला 'ता' याच्यातूनच आला. 'री'चा अर्थही तोच, पण तो मोजक्याच क्रियापदवर्गांना लागतो ('साकेरी').

मात्र हे प्रत्यय म्हणजे भूतकाळ नव्हे. त्यासाठी 'कि' आणि 'केरी' आहेत. म्हणूनच 'चिरिनामु' (यातला 'ना' हे 'नु'चेच रूप, तर 'मु' अंदाज दाखवतो) याचा अर्थ 'नक्कीच गळून जाईल' असा भविष्याकडे झुकतो. वाचताना 'नु'च्या आधीचा स्वरही अवश्य पाहावा, कारण 'साकानु हाना' म्हणजे 'न उमललेले फूल', आणि तिथला 'नु' नकारार्थी 'झु'चे रूप आहे.