भाताच्या देवाचा मुक्काम

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात जपानी बाग पाहायला मिळते, पण जपानी शेतकरी कुठे दिसत नाही. आपल्याकडे नवान्न करतात, तसा नवे भात घरात आल्यावर तिकडच्या खेड्यांत काही सण असतो का?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : असतो. हे उद्यान ओकायामा येथील कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेले असून मूळ बाग एका सरंजामदाराने स्वतःच्या विरंगुळ्यासाठी करवून घेतली होती. तेव्हा तेथे शेतकरी भेटला नाही, यात नवल नाही. नव्या तांदळाचा राजवाड्यातील विधी २३ नोव्हेंबरला होतो आणि १९४८ पासून त्या दिवशी श्रमाविषयीच्या कृतज्ञतेची सार्वजनिक सुटी असते. मात्र आपण विचारता तसा घरगुती सण पाहायचा, तर इशिकावा प्रांतातील नोतो द्वीपकल्प गाठावे लागेल.

तेथील काही शेतकरी घरांत ५ डिसेंबरला ‘आएनोकोतो’ हा विधी करतात. पुरोहित नसतो, यजमान ठेवणीतला पोशाख करून स्वतः शेतावर जातो आणि भाताच्या देवाला घरी घेऊन येतो. भाताच्या लोंब्या डोळ्यांत टोचून या देवाची दृष्टी अधू झाली, अशी समजूत असल्यामुळे, समोर कोणीच दिसत नसताना, यजमान त्याला उंबरठा सांभाळायला सांगतो, विस्तवापाशी बसवतो, स्नानाचे पाणी तयार असल्याचे कळवतो आणि जेवताना ताटातील एकेक पदार्थाचे नाव मोठ्याने सांगतो. देव जोडप्याने येतात, म्हणून ताटेही दोन मांडतात. त्यांत लाल कडधान्य घालून शिजवलेला भात, मासा आणि दोन पायांसारखा दुभंगलेला मुळा असतो. हा मुळा मुद्दाम शोधून आणावा लागत असणार, असे आम्हांस वाटते.

हे वाचून आपणांस गौरी-आवाहन आठवले असेल. ‘गौर आली’, ‘कशाच्या पावलांनी आली?’ असे म्हणत आपल्या बायका तिला कोठीघर, स्वयंपाकघर, दूधदुभते दाखवत फिरवतात. आपण गौरीला घर दाखवतो, नोतोचा यजमान देवाला घर सांगतो, एवढाच फरक. गौर मात्र तिसऱ्या दिवशी जाते आणि हा देव हिवाळाभर बियाण्याच्या पोत्यांपाशी राहतो. ९ फेब्रुवारीला पुन्हा स्नान-भोजन घालून त्याला शेतात पोहोचवतात.

युनेस्कोने २००९ मध्ये या विधीचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात नोतोमधील हजारो घरे पडली, तेव्हा भाताचा देव शेतात नव्हता, घरी मुक्कामाला होता.