‘री:झीरो’मध्ये नायक पुन्हा पुन्हा मरतो आणि काळ मागे जातो, तरी ही मालिका लोकांना इतकी का भावते?

आपण लिहिले आहे की ‘री:झीरो’ या जपानी अॅनिमे (चलच्चित्र) मालिकेचे पहिले तीन भाग पाहून आपण मालिका सोडून दिली, कारण नायक मेला की काळ मागे जाऊन सारे पूर्ववत होणार असेल, तर त्याच्या मरणाला किंमत ती काय राहिली, असा प्रश्न आपल्याला पडला. ही शंका रास्त आहे आणि माझे उत्तरही तिथूनच सुरू होते. या कथेत सारे पूर्ववत होत नाही. एका माणसाची आठवण तेवढी शाबूत राहते, आणि माझ्या मते मालिकेचे सारे बळ त्या एका अपवादात आहे. पुढे कथानकातील बऱ्याच गोष्टी उघड होतील, हे आधीच सांगून ठेवतो.

तप्पेई नागात्सुकी यांनी ही कथा २०१२ साली इंटरनेटवर क्रमशः लिहायला घेतली, २०१४ पासून ती पुस्तकरूपात येऊ लागली आणि २०१६ साली व्हाइट फॉक्स या स्टुडिओने मासाहारू वातानाबे यांच्या दिग्दर्शनाखाली तिचे २५ भाग केले. शाळेत जाणे बंद केलेला सतरा वर्षांचा नात्सुकी सुबारू रात्री दुकानातून खाऊ घेऊन बाहेर पडतो आणि क्षणार्धात लुगुनिका नावाच्या परक्या राज्यात, भर बाजारात उभा असतो. इसेकाई, म्हणजे नायक परक्या जगात जाऊन पडतो अशा प्रकारच्या कथांत नायकाला सहसा अचाट सामर्थ्य मिळते. याला मिळते ते केवळ मरून मागे परतणे. कोणत्या क्षणापाशी परतायचे, हे त्याच्या हातात नाही. शिवाय हे गुपित कुणाला सांगू लागताच काळे हात येऊन त्याचे हृदय आवळतात, आणि अशा मरून परतण्याच्या एका फेऱ्यात तो एमिलियाला, म्हणजे या जगात भेटलेल्या आणि त्याला आवडणाऱ्या मुलीला, ते सांगतो तेव्हा तिचाच जीव जातो.

आपल्याकडच्या पुनर्जन्माच्या कल्पनेशी हे ताडून पाहिले की त्यातली क्रूरता नीट कळते. आपण मानतो की देह बदलतो आणि मागच्या जन्माची आठवण पुसली जाते. त्या विस्मरणात एक मोठी दया आहे. सुबारूच्या वाट्याला याच्या नेमके उलट येते. देह तोच, जग तेच, माणसे तीच, पण विस्मरण मात्र त्याला सोडून बाकी सगळ्यांना. पहिल्या फेऱ्यात एमिलिया त्याला आपले नाव ‘साटेला’ असे सांगते. पुढच्या एका फेऱ्यात तो तिला त्याच नावाने आनंदाने हाक मारतो आणि ती संतापते, कारण ते साऱ्या जगाला धास्ती वाटणाऱ्या चेटकिणीचे नाव आहे आणि तिच्या लेखी हा कुणी अनोळखी मुलगा तिचा अपमान करतो आहे. हा प्रसंग आपण पाहिलेल्या भागांतच आहे. प्रथम पाहताना मलाही तो कथेतला एक लहानसा चकवा वाटला होता. पुढच्या साऱ्या दुःखाचे बीज त्यात आहे, हे फार उशिरा ध्यानात आले.

ते दुःख उफाळून येते तेराव्या भागात. सुबारूने एमिलियासाठी अनेकदा मरण सोसलेले आहे, पण तिच्या हिशेबी त्यातले बहुतेक काही घडलेलेच नाही. राजवाड्यात तो तिचे न ऐकता मध्ये पडतो, स्वतःला तिचा शूर सरदार म्हणवतो, ज्युलियस या खऱ्याखुऱ्या सरदाराकडून द्वंद्वयुद्धात मार खातो आणि शेवटी, तिने आपले उपकार मानलेच पाहिजेत, असे तिला तोंडावर ऐकवतो. ती विचारते की तू हे सगळे का करतोस, आणि त्याला खरे कारण सांगता येत नाही. अनेक प्रेक्षकांना या भागापासून सुबारूचा तिटकारा येतो, आणि तो येणे योग्यच आहे. पण मला हा मालिकेतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो, कारण येथे नायकाचा त्याग खरा असूनही त्या त्यागाच्या बळावर मागितलेला हक्क खोटा ठरतो. ज्या उपकाराची समोरच्याला जाणीवच असू शकत नाही, त्याची वसुली कशी करणार? एमिलियाची बाजूही कथा तितक्याच न्यायाने मांडते. सुबारूच्या मनात जी एमिलिया आहे ती आपण नव्हे, हे तिला कळते आणि ती ते बोलूनही दाखवते.

त्यानंतरचे चार-पाच भाग पाहणे कठीण आहे. हिंसा पुष्कळ आहे आणि ती सर्वांना सोसेल असे मी म्हणणार नाही. मात्र त्यांच्याशिवाय अठरावा भाग उभा राहिला नसता. त्यात लढाई जवळजवळ नाहीच. दोन माणसे बोलतात, एवढेच. खचलेला सुबारू रेम या दासीला म्हणतो, आपण दोघे पळून जाऊ. त्याच्यावर मनापासून प्रेम करणारी रेम त्या संसाराचे चित्र बारीकसारीक तपशिलांसह रंगवते आणि मग नकार देते. सुबारू स्वतःविषयीची सारी घृणा ओकतो, तेव्हा ती त्याला त्याने केलेल्या अशा गोष्टी सांगते ज्या तिने या फेऱ्यात स्वतः पाहिल्या आहेत. मला हे फार महत्त्वाचे वाटते. एकट्याने सगळे आठवणाऱ्या माणसाला प्रथमच दुसऱ्या कुणाच्या आठवणीत स्वतःला पाहायला मिळते. याच रेमने पूर्वीच्या एका फेऱ्यात संशयावरून त्याचा जीव घेतलेला असतो, आणि ते फक्त त्यालाच ठाऊक असते.

२०२० साली आलेल्या दुसऱ्या पर्वाच्या आरंभी हीच गोष्ट उलटी होते. शत्रू रेमचे नावच गिळून टाकतो. ती जिवंत असते, पण निद्रिस्त, आणि सुबारूखेरीज जगात कुणालाही, तिच्या सख्ख्या जुळ्या बहिणीलाही, ती आठवत नाही. सुबारू तिला परत मिळवण्यासाठी स्वतःला भोसकतो आणि डोळे उघडतो ते तिच्याच बिछान्यापाशी, काही क्षणच मागे. परतण्याची जागा पुढे सरकलेली असते. मरणाला किंमत काय, या आपल्या प्रश्नाचे मालिकेने दिलेले सर्वांत थेट उत्तर मला येथे दिसते.

याच पर्वात सुबारूला एका परीक्षेत, आपल्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्या जगांत माणसांचे काय झाले असेल, हे दाखवले जाते. ती जगे खरी होती की नाही, हे त्याला कळत नाही, पण त्या क्षणापासून मरणे हे साधन म्हणून वापरणे त्याला पूर्वीसारखे सोपे राहत नाही. एकिडना ही चेटकीण त्याच्या मरणांच्या साहाय्याने उत्तम भविष्य गाठून देण्याचा करार पुढे करते आणि तो तो नाकारतो. त्याला सावरतो ओट्टो, एक साधा व्यापारी, जो त्याला ठोसा मारून मित्र म्हणून मदत मागायला शिकवतो. या पर्वातले संवाद काही ठिकाणी नको तितके लांबले आहेत, हेही मान्य करतो.

आपण तीन भागांवर थांबला आहात, म्हणजे पहिले प्रकरण संपले तिथे. चौथ्यापासून कथा रोझवाल या उमरावाच्या वाड्यात जाते. रेम आणि राम या जुळ्या दासींसोबत सुबारू तिथे काही दिवस कामे करतो, चुकतो, बोलणी खातो, हळूहळू त्यांच्यातला होतो आणि एमिलियासोबत फिरायला जायचे ठरवून रात्री झोपी जातो. सकाळी त्याच दोघी त्याच्या पलंगाशी उभ्या असतात आणि कधीही न पाहिलेल्या पाहुण्याशी बोलावे तशा अदबीने त्याच्याशी बोलतात. निदान तेवढे पाहून मग मालिका सोडायची की नाही ते ठरवावे, अशी माझी विनंती आहे.