पोलिसांनी नेलं, पण कुठे नेलं?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच गोष्टीवर येऊन थांबतात. अमक्याला पकडलं का, केस कुठे आहे, तारीख कधी, कागद कुठे बघायचा. म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला देतेय. नावं आणि गावं अर्थातच काढून टाकली आहेत.

प्रश्न: ताई नमस्कार. माझा भाचा २२ वर्षांचा, कळंगुटला कामाला. एका रात्री त्याला पोलिसांनी गाडीत घालून नेलं असं त्याच्या मित्राने फोन करून सांगितलं, मग त्याचा फोन बंद. आम्ही एका स्टेशनवर गेलो, तिथे म्हणाले इथे नाही, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले सकाळी या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता कळलं की त्याला म्हापशाच्या कोर्टात उभं केलंय. आता जामीन झालाय. पण अशा वेळी माणूस कुठे आहे हे बघायचं तरी कुठे? आणि पुढची तारीख कशी कळणार? — एक मावशी, बार्देश

उत्तर: मावशी, तुमचं पत्र वाचून मला बऱ्याच वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली. एका पोलिस स्टेशनच्या व्हरांड्यात एक आई बसली होती, मांडीवर जेवणाचा डबा आणि मुठीत फिटच्या गोळ्यांची पट्टी. मुलाला रात्रीची गोळी चुकली तर त्रास होतो एवढंच ती सांगत होती, आणि "म्हजो पूत खंय आसा?" एवढंच विचारत होती. तिला सांगितलं होतं सकाळी या. मुलगा आत होता, तिच्यापासून दहा पावलांवर, भिंतीच्या पलीकडे. हे मी विसरू शकत नाही, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतेय.

पहिली गोष्ट, अटक ही पोलिसांची खासगी बाब नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक पोलिस स्टेशनला आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात एक अधिकारी नेमलेला असायला हवा, एएसआयच्या, म्हणजे सहायक उपनिरीक्षकाच्या, खालच्या दर्जाचा नाही, आणि कोणाला अटक झाली, त्याचं नाव पत्ता काय, गुन्हा कुठल्या स्वरूपाचा ही माहिती त्याच्याकडे असते आणि ती स्टेशनवर ठळक दिसेल अशी लावायची असते. म्हणजे तुम्ही विचारताय ते उपकार म्हणून नाही. "कलम ३७ चा अधिकारी कोण आहे, अटकेची माहिती दाखवा" असं शांतपणे, नाव घेऊन विचारा. आवाज चढवायची गरज नाही, कलमाचा आकडा पुरतो, हे मी स्वतः पाहिलंय.

दुसरी गोष्ट कलम ४८. अटक केलेल्या माणसाने ज्याचं नाव सांगितलं त्या नातेवाइकाला किंवा मित्राला लगेच कळवायचं, आणि कोणाला कळवलं याची नोंद स्टेशनवरच्या वहीत करायची. शिवाय अटक मेमो, म्हणजे अटकेचा नोंदीचा कागद असतो, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते आणि पकडलेल्याचीही सही लागते. हे सगळं सुप्रीम कोर्टाने १९९६ साली डी. के. बसू केसमध्ये सांगितलं होतं, नंतर ते कायद्यात आलं. तुमच्या भाच्याच्या मेमोवर साक्षीदार म्हणून कोणाची सही आहे ते आता वकिलाकडून जरूर बघून घ्या.

तिसरी गोष्ट घड्याळ. पकडल्यापासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. त्यामुळे स्टेशनवर पत्ता लागत नसेल तर कोर्टाकडे बघा. कळंगुट बार्देश तालुक्यात येतं म्हणून म्हापसा, मडगावकडचं असेल तर मडगाव, असा हिशोब. सुट्टी असली तरी ड्युटीवर मॅजिस्ट्रेट असतोच. आणि चोवीस तास उलटून गेले आणि माणूस कुठे आहे कोणीच सांगत नाही असं झालं तर वाट बघत बसू नका, पर्वरीला हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टासमोर हजर करा असा अर्ज, करता येतो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळतो, १५१०० या नंबरवर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

आता तारीख. त्यासाठी आधी एफआयआर नंबर हातात घ्या. २०१६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एफआयआर चोवीस तासांत वेबसाइटवर टाकायचा, नेटवर्कची अडचण असेल तर फार तर ७२ तास. लैंगिक गुन्हे, पॉक्सो (मुलांवरचे लैंगिक गुन्हे), दहशतवाद असले संवेदनशील विषय मात्र टाकत नाहीत, म्हणून साइटवर दिसला नाही याचा अर्थ गुन्हाच नोंद नाही असा घेऊ नका. आरोपीच्या वतीने घरच्या माणसालाही अर्ज करून कॉपी मागता येते. गोवा पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर बघा, नाही मिळाला तर स्टेशनवर अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.

नंबर मिळाला की ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर जा, गोवा, जिल्हा, म्हापशाचं कोर्ट, मग एफआयआर नंबरने शोधा, पोलिस स्टेशन आणि वर्ष टाका. चार्जशीट, म्हणजे पोलिसांचं आरोपपत्र, कोर्टात जाऊन केसला नंबर पडायच्या आधी काहीच दिसलं नाही तर घाबरू नका. केस दिसली की तिथे सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो, तो वहीत लिहून ठेवा, फोटो काढून ठेवा, काहीही करा पण हरवू नका. पुढे फक्त तो टाकला की पुढची तारीख, आत्तापर्यंतच्या तारखा, ऑर्डर सगळं समोर येतं.

प्रश्न: मुलीचं लग्न ठरतंय. मुलावर चार-पाच वर्षांपूर्वी मारामारीची केस होती असं कोणीतरी कानावर घातलं. मी ई-कोर्ट्सच्या साइटवर नाव टाकून पाहिलं, काहीच आलं नाही. म्हणजे केस नाही असं समजायचं का? — एक वडील, डिचोली

उत्तर: नाही, एवढ्यावर समजू नका. आपल्या गोव्यात नाव शोधणं ही वेगळीच कसरत आहे, कारण आपली आडनावं पोर्तुगीज अमदानीतल्या स्पेलिंगसकट चालत आलीत. देसाई म्हटलं की एक एस की दोन एस, शेवटी आय की वाय. नाईक कुठे के ने संपतो तर कुठे क्यू-यू-ई ने. कामत के ने लिहितात, सी ने लिहितात, शेवटी एच लावतात. गांवकरचे तर मी फाइलींमध्ये इतके प्रकार पाहिलेत की मोजणं सोडलं. आणि कोर्टात नाव चढतं ते पोलिसांनी जसं लिहिलं तसं, आधार कार्डावर काय आहे ते कोणी विचारत नाही. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. साइटला किमान तीन अक्षरं लागतात, तेव्हा आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका आणि येणारी यादी डोळ्यांनी वाचा, वेळ लागतो पण सापडतं.

आणखी दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे तिथे आपोआप पेंडिंगवर खूण असते, निकाल लागलेल्या केसेस दिसतच नाहीत, तुम्ही "बोथ" निवडा. दुसरं म्हणजे नावाचा शोध एका वेळी एकाच कोर्ट कॉम्प्लेक्समध्ये होतो. डिचोलीत शोधलंत म्हणजे म्हापसा, वाळपई, पेडणे, मेरशी शोधलं असं होत नाही, प्रत्येक ठिकाणी परत टाकायचं, प्रत्येक वर्षासाठी परत, कॅप्चासकट. फोंड्याचं असेल तर उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे बघा, फोंडा तालुका २०१५ साली दक्षिण जिल्ह्यात गेला.

आता सापडलं असं समजू. तरी थांबा. त्याच नावाचे चार जण एका तालुक्यात असतात, सत्तरीत तर एका वाड्यावर असतात, नुसतं नाव जुळलं म्हणून तो हाच असं ठरवू नका. पोलिस स्टेशन, वर्ष, एफआयआर नंबर जुळतंय का बघा. मग ऑर्डर उघडून वाचा. "डिस्पोज्ड" म्हणजे शिक्षा झाली असं नाही, निर्दोष सुटला असेल, दोन्ही पक्षांनी आपसात मिटवलं असेल. एफआयआरमध्ये नाव आहे म्हणजे अटक झाली असंही नाही, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बऱ्याच गुन्ह्यांत पोलिस कलम ३५ ची नोटीस देऊन बोलावतात, पकडत नाहीत. चार्जशीट मात्र तुम्हाला कुठे ऑनलाइन मिळणार नाही, ती सार्वजनिक कागद नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय, तेव्हा कोणी पैसे घेऊन काढून देतो म्हणाला तर त्याच्या नादाला लागू नका.

आणि एक मनापासून सांगते. मुलाला समोर बसवून विचारा. केस होती का, काय झालं, निकालाची कॉपी आहे का. लपवायचं नसेल तर तो कॉपी आणून ठेवेल. स्क्रीनशॉट काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र टाकू नका, सुटलेल्या माणसालाही त्या एका फोटोपायी वर्षानुवर्षं मान खाली घालावी लागते, असे दोन तरुण माझ्या ऑफिसात येऊन रडलेत.

प्रश्न: खोली भाड्याने द्यायचीय, भाडेकरूचं रेकॉर्ड कसं बघू? — काणकोण

उत्तर: तुम्ही स्वतः शोधत बसू नका. पोलिस स्टेशनवर टेनंट व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरून द्या, ओळखपत्राच्या कॉपीसकट, आणि पोच घ्या. तपासायचं काम त्यांचं.

प्रश्न: माझा भाऊ १९९८ साली एका केसमधून निर्दोष सुटला. आता परदेशी जायच्या कागदांत विचारतात कधी अटक झाली होती का. निकालाची कॉपी घरात नाही, ऑनलाइन दिसत नाही. माहिती अधिकारात मागू का? — वास्को

उत्तर: इतका जुना निकाल ऑनलाइन नसणं साहजिक आहे, कागद रेकॉर्ड रूममध्ये असतो. माहिती अधिकाराची वाट धरू नका, कोर्टातल्या कागदांच्या कॉप्या कोर्टाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेच मागायच्या असं सुप्रीम कोर्टाने २०२० साली सांगितलंय, उगाच महिना वाया जाईल. ज्या कोर्टाने निकाल दिला तिथे सर्टिफाइड कॉपीचा, म्हणजे कोर्टाने खरी म्हणून शिक्का मारलेल्या प्रतीचा, अर्ज करा. भाऊ स्वतः त्या केसमधला असल्यामुळे त्याला अडचण यायचं कारण नाही, त्रयस्थ माणसाला मात्र कारण लिहून द्यावं लागतं. केस नंबर आठवत नसेल तर साल, पोलिस स्टेशन, आरोपीचं नाव जसं तेव्हा लिहिलं होतं तसं, आणि तेव्हाच्या वकिलाचं नाव घेऊन जा, क्लार्क जुन्या रजिस्टरमधून नंबर काढतो. वकील हयात नसले तरी त्यांच्या घरी विचारा, जुन्या डायऱ्या लोक टाकत नाहीत, माझ्या एका पक्षकाराला नंबर अशाच डायरीत सापडला होता.

फॉर्ममध्ये "अटक झाली होती का" विचारलं असेल तर हो लिहा आणि निकालाची कॉपी जोडा. सुटला म्हणून अटक झालीच नव्हती असं होत नाही, आणि तिथे नाही लिहून नंतर उघडं पडलं तर जुन्या केसपेक्षा ते खोटंच जास्त नडतं. दोन-तीन कॉप्या एकदमच काढून ठेवा.