पेनांग : आधी डोंगर, मग गाव
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मलेशियातल्या पेनांग बेटाविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. जॉर्जटाऊन हे बेटाच्या ईशान्य टोकावरचं जुनं बंदर. ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटने ते १७८६ मध्ये वसवलं आणि २००८ मध्ये युनेस्कोने मलाक्काबरोबर त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. गावाच्या पाठीशी लगेच डोंगर सुरू होतात.

प्रश्न : बरोबर सत्तरीचे आई-वडील आहेत, हाताशी दोन दिवस. पेनांग हिल, केक लोक सी देऊळ आणि जुनं गाव, कुठल्या क्रमाने बघावं? (नाशिक)

पहिल्या दिवशी सकाळी डोंगर, तिथून उतरल्यावर देऊळ. गाव दुसऱ्या दिवशी. सगळं एकाच दिवसात दाखवणाऱ्या सहली असतात, पण त्यांत दिवसाचा बराचसा भाग रांगेत जातो.

रांग का लागते ते समजून घ्या. डोंगरावर नेते ती फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी गाडी. वणीच्या गडावरच्या ट्रॉलीच्याच जातीची, फक्त बरीच लांब, सुमारे दोन किलोमीटर. एकाच दोराला दोन डबे. एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो, आणि मधोमध जिथे रूळ दुहेरी होतात तिथे ते एकमेकांना ओलांडतात. जास्तीचा डबा जोडण्याची सोयच नाही. डब्यात साधारण शंभर माणसं मावतात. खाली सहलीच्या चार बस एकदम रिकाम्या झाल्या की तुमचा नंबर दोन-तीन फेऱ्या पुढे गेलाच म्हणून समजा. पहिली गाडी सकाळी साडेसहाला सुटते. आठच्या आत खालच्या स्थानकावर पोहोचलात तर सहसा थांबावं लागत नाही. परदेशी प्रौढांना परतीचं साधं तिकीट ३० रिंगिट (मलेशियाचं चलन) आणि फास्ट लेनचं ८०. सकाळी फास्ट लेनवर पैसे घालवू नका. दर बदलतात आणि देखभालीसाठी गाडी अधूनमधून बंदही असते, तेव्हा आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ बघून घ्या.

चढताना डब्याच्या खालच्या टोकाला उभं राहिलं तर गाव आणि समुद्र दिसतो. वरच्या टोकाला रूळ, बोगदा आणि अंगावर येणारा चढ दिसतो. मुलं वरच्या टोकाला धावतात, आई-वडिलांना खालच्या टोकाची बाकडी द्या. वर हवा गावापेक्षा चार-पाच अंशांनी थंड असते. स्थानकाजवळच एक मुरुगन (कार्तिकेय) मंदिर आहे आणि त्याच्या शेजारीच मशीद.

एक गोष्ट मात्र सकाळच्या विरोधात जाते. गाव डोंगराच्या पूर्वेला असल्यामुळे सकाळी ऊन समोरून येतं आणि फोटो फिकट निघतात. फोटोंसाठी दुपारचं उतरतं ऊन चांगलं, पण तोवर माथ्यावर ढग चढतात, आणि दिवे बघून खाली यायला सगळा डोंगर एकाच वेळी निघतो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर सकाळच बरी.

उतरल्यावर केक लोक सी टॅक्सीने पाचेक मिनिटांवर. नेहमीची वाट खालच्या बाजारातून, कासवांच्या तळ्याशेजारून पायऱ्यांनी चढते. गुडघे दुखणाऱ्यांनी ती घेऊ नये. टॅक्सी थेट वरच्या पार्किंगपर्यंत न्या, तिथली कुआन यिन या करुणेच्या देवीची ३०.२ मीटर उंच कांस्यमूर्ती आधी बघा आणि तिरक्या लिफ्टने खालच्या टप्प्यावर या. तिथे सात मजली पॅगोडा आहे. तळ चिनी अष्टकोनी, मधला भाग थाई, कळस ब्रह्मदेशी. तो खालून नीट न्याहाळला तरी पुरे, आतला जिना अरुंद आहे. देऊळ संध्याकाळी लवकर बंद होतं, म्हणूनही ‘देऊळ शेवटी’ हा बेत फसतो.

प्रश्न : आम्ही माथेरान नेहमी पायी चढतो. पेनांग हिल चालत जाता येतो का? (डोंबिवली)

येतो. सर्वात सरळ वाट म्हणजे बोटॅनिक गार्डनच्या फाटकाजवळून निघणारा जीप ट्रॅक. अंतर पाच किलोमीटर, चढाई सुमारे सातशे मीटर. म्हणजे दर शंभर मीटरला चौदा मीटर चढ, तोही सलग. रस्ता पक्का आहे, वाट चुकत नाही. पण नेमका याच पक्केपणाचा त्रास होतो. कातळावर किंवा मातीवर पाय दरवेळी वेगळा पडतो, इथे पोटऱ्यांचा तोच स्नायू दोन तास ओढला जातो. उतरताना तर अंगठे बुटाच्या टोकावर आपटत राहतात. म्हणून चढा पायी आणि उतरा गाडीने. उतरण्याचं एकेरी तिकीट वर मिळतं.

सह्याद्रीतल्या हिवाळी चढाईचा अंदाज इथे लावू नका. हवा इतकी दमट की घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. माणशी दोन लिटर पाणी, चिमूटभर मीठ-साखर आणि वर बदलायला कोरडा सदरा घ्या, नाहीतर वरच्या गार वाऱ्यात ओल्या अंगाने कुडकुडाल. सातच्या आसपास उजाडतं, त्या सुमाराला निघा. दोन ते अडीच तास धरा. बागेजवळची लांब शेपटीची माकडं प्लास्टिकच्या पिशवीच्या आवाजावर येतात. खाऊ सॅकच्या आत, हातात काहीही नको. डोळ्यांभोवती पांढरी कडी असलेलं काळसर वानर दिसलं तर ते लाजाळू असतं, त्याच्यापासून त्रास नाही.

प्रश्न : शुद्ध शाकाहारी आहोत. पेनांगचं खाणं प्रसिद्ध म्हणतात, आमच्या वाट्याला काय? (पुणे)

बरंच काही, पण फसगतीच्या जागा माहीत हव्यात. तिथली खरी अडचण मांसाच्या तुकड्याची नाही, तो दिसतो. अडचण बेलाचानची. ही कोळंबीची आंबवून वाळवलेली वडी, आणि ती मिरचीच्या बहुतेक वाटणांत असते. ‘भाजीच आहे’ म्हणून वाढलेल्या कांकुंगमध्ये (आपल्या नाळीच्या भाजीची बहीण) ती हमखास निघते. फळांचा रोजाक तर अगदी निरुपद्रवी दिसतो. काकडी, अननस, कच्चा आंबा, वर दाण्याचा कूट आणि काळा गोडसर रस. तो काळा रस कोळंबीचाच. चार क्वे तियाव या परतलेल्या शेवयांत पुष्कळदा डुकराची चरबी असते. आसाम लाक्सा या शेवयांच्या आंबट रश्श्याचं सारच माशाचं. नासी लेमाकचा भात नारळाच्या दुधातला, पण शेजारच्या सांबालमध्ये बारीक सुकी मासळी.

रोती चनाई हा पराठ्यासारखा प्रकार चालतो. सोबतच्या डाळीबद्दल मात्र विचारा, काही ठिकाणी ती मटणाच्या हाडांसकट शिजवलेली असते. ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका. ‘ताक माहू इकान, उदांग, बेलाचान’ असं सांगा, म्हणजे मासा, कोळंबी, बेलाचान नको.

निर्धास्त जागा दोन. एक, लिटल इंडियातली शाकाहारी तमिळ हॉटेलं, केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, दोन भाज्या. दुसरी, आपल्या लोकांना फारशी माहीत नसलेली, म्हणजे चिनी बौद्धांची शाकाहारी दुकानं. तिथे भातावर हव्या त्या भाज्या उचलायच्या आणि ताट दाखवून पैसे द्यायचे. कांदा-लसूणही बहुधा नसतो. कोंबडी किंवा मासा दिसला तर दचकू नका, तो सोयाचा किंवा गव्हाच्या ग्लुटेनचा असतो. अंडं मात्र काही पदार्थांत घालतात, तेवढं विचारा.

गोडात चेंदोल. बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, माडाचा गूळ, राजमा आणि पांदान या सुवासिक पानाच्या हिरव्या शेवया. यात लपलेलं काही नाही.

प्रश्न : जुन्या गावात पायी फिरायचं तर कुठून सुरुवात करावी? (सांगली)

उत्तरेकडून, किल्ल्यापासून. फोर्ट कॉर्नवॉलिसवरची १६०३ सालची डच तोफ ‘सेरी रांबाई’ बघा आणि दक्षिणेकडे निघा. १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, कुआन यिनचं देऊळ, क्वीन स्ट्रीटवरचं १८३३ चं महामारिअम्मन मंदिर, कपितान केलिंग मशीद, मग खू घराण्याचं कोंगसी (कुळाचं सभागृह-देऊळ) आणि आर्मेनियन स्ट्रीट. तिथून पाण्यात खांबांवर वसलेली च्यू जेट्टी ही वस्ती. सगळं अंतर दोनेक किलोमीटर, पण बघत गेलात तर चार तास जातात.

साडेआठ-नऊला निघा. मारिअम्मनचं मंदिर दाक्षिणात्य पद्धतीप्रमाणे दुपारी बंद असतं, ते आधी उरकलं पाहिजे. मशिदीत नमाजाच्या वेळा सोडून जाता येतं, अंगभर झगा तिथेच मिळतो. दुपारी उन्हात दुकानांपुढच्या छपराखालच्या पडव्यांतून चाला. प्रत्येक दुकानापुढची पडवी वेगळ्या उंचीची असते आणि मध्येच मोटारसायकल आडवी. नजर वर ठेवून चालणारे तिथेच ठेचकाळतात.

आर्मेनियन स्ट्रीटवर सायकलवरच्या दोन मुलांचं भित्तिचित्र आहे. त्याच्यापुढे फोटोसाठी रांग असते. आमच्या मते तो वेळ खू कोंगसीच्या छपरावरचं चिनी मातीचं काम बघण्यात घालवावा. च्यू जेट्टीवर लोक राहतात, उघड्या दारातून घरात कॅमेरा रोखू नका. चिनी व्यापारी चेओंग फात् त्झे यांची निळी हवेली वाटेपासून जरा बाजूला आहे. तो निळा रंग म्हणजे चुन्यात कालवलेली नीळ, आणि ती नीळ भारतातून जाई.

प्रश्न : कोणते महिने टाळावेत? (मुंबई)

सप्टेंबर ते नोव्हेंबर, त्यातही ऑक्टोबर. जानेवारी-फेब्रुवारी कोरडे. त्याच सुमारास थैपुसम हा तमिळांचा मुरुगनाचा उत्सव येतो. रथ जातात, रस्त्यावर नारळांचा खच पडतो, ५१३ पायऱ्यांच्या टेकडीवरल्या मुरुगन मंदिराला रीघ लागते. बघण्यासारखं आहे, पण वाहतूक बंद असते आणि खोल्या महिनोन्महिने आधी भरतात.

प्रश्न : क्वालालंपूरहून रेल्वेने जावं का? (ठाणे)

जरूर. ईटीएस ही वेगवान विजेची गाडी चारेक तासांत मुख्य भूमीवरच्या बटरवर्थला सोडते. स्थानकातून छताखालच्या वाटेने धक्क्यावर जा आणि फेरी घ्या. पंधरा मिनिटांत जॉर्जटाऊन, आणि जुनं बंदर समुद्राच्या बाजूनेच दिसतं. धक्क्याजवळच्या बस तळावरून २०४ क्रमांकाची बस थेट पेनांग हिलच्या पायथ्याला जाते. चालक सुटे परत देत नाही, रिंगिटची नाणी जवळ ठेवा.

भारतीयांना सध्या ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण ही सवलत मुदतीची आहे, तिकीट काढण्याआधी खात्री करा. डिजिटल आगमनपत्र मात्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरावंच लागतं. ते मोफत आहे. पैसे मागणारं पान उघडलं तर ते सरकारी नव्हे.